बावन्न सांगितलं की पोरगं पंचवीस का लिहितं

मागच्या महिन्यात एका रविवारी ताई भाच्याला घेऊन आमच्याकडे नाशिकरोडला आली, सोबत त्याची गणिताची वही, आणि मी चहा टाकायच्या आधीच ती वही माझ्यापुढे धरून म्हणाली, "बघ तूच. दुसरीत गेलाय, अजून आकडे उलटे लिहितो. लक्षच नसतं याचं." बाबा तिथेच सोफ्यावर होते. बाबा प्रेसमधून रिटायर झालेले, नाशिकरोडला नुसतं प्रेस म्हटलं की नोटांचा छापखाना हे सांगावं लागत नाही, त्यामुळे आकड्यांच्या बाबतीत माणूस जरा कडक. त्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि म्हणाले, बस इथे, लिही. बावन्न. भाच्याने लिहिलं २५. एकोणसाठ. ६९. सदतीस. ७३. पन्नास बरोबर लिहिलं, दहा बरोबर लिहिलं, त्रेसष्टला परत ३६. "पाढे म्हणत नाही ना रोज, त्याचा परिणाम," बाबांचं निदान तयार.

मी सायकॉलॉजीत एमए केलेलं आहे, त्याचा नोकरीत काही उपयोग झाला नाही पण या विषयावरचं वाचायची खोड लागली ती लागलीच, आणि संध्याकाळी पाचसहा मुलं घरी शिकायला येतात त्यामुळे अशा वह्या रोज बघते. म्हणून सहज त्याला म्हटलं, बरं आता फिफ्टी टू लिही. लिहिलं ५२. सिक्स्टी थ्री? ६३. थर्टी सेव्हन? ३७. एकही चूक नाही. पोरगा सेमी इंग्लिशला आहे, शाळेत गणित इंग्लिशमधून, घरी आजोबांचं मराठीतून. तेच पोरगं, तोच सोफा, तेच लक्ष, पाच मिनिटांत मतिमंद झालं नाही आणि पाच मिनिटांत हुशारही झालं नाही. बदललं ते फक्त आकड्याचं नाव.

तर हा लेख त्यावर आहे. शिकताना डोक्यात नेमकं काय काय घडतं, त्यातली कुठली पायरी कुणाला जड जाते, आणि आपण 'लक्ष नाही' म्हणून जे एका वाक्यात उडवून लावतो त्यामागे संशोधकांना काय सापडलंय.

आधी बावन्नच बघू, कारण आपल्याला तो इतका पाठ आहे की त्यात काही अवघड असेल असं वाटतच नाही. मुलाच्या कानावर 'बावन्न' पडतं. त्याला त्यातून बा आणि वन्न वेगळं काढायचंय. बा म्हणजे दोन, पण 'दोन' या शब्दाशी बा चं काहीही नातं ऐकू येत नाही. बरं, दरवेळी बा असेल तर तेही चाललं असतं, पण बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव, म्हणजे त्या एका दोनाने बा, ब, बे, ब्या असे कपडे बदललेत. वन्न म्हणजे पन्नास, पण त्रेपन्नमध्ये ते पन्न होतं. हे सगळं ओळखून झालं की मग खरी कसरत, दोन आधी ऐकू आला पण लिहायचा नंतर. म्हणजे दोन डोक्यात धरून ठेवायचा, पाच ऐकायचा, पाच आधी लिहायचा, आणि मग तो धरलेला दोन सोडायचा. इंग्लिशमध्ये फिफ्टी ऐकलं की पाच लिहा, टू ऐकलं की दोन लिहा, संपलं. धरून ठेवायची भानगडच नाही.

हे जे 'धरून ठेवणं' आहे ना, त्याला वर्किंग मेमरी म्हणतात आणि शिकण्याच्या संशोधनात गेली पन्नास वर्षं हा शब्द सारखा येतो. मला तो समजवायला स्वयंपाकघराचा ओटा बरा वाटतो. घरात सामान कितीही असू दे, कपाटं भरलेली, माळा भरलेला, पण एका वेळी काम चालतं ते ओट्यावरच, आणि ओटा तेवढाच असतो. कणकेची परात ठेवली, भाजीची कढई उतरवली, दूध आलं की संपली जागा, आता काहीतरी खाली ठेवल्याशिवाय नवीन काही मांडता येत नाही. आयुष्यभराची आठवण म्हणजे कपाट. या क्षणी हाताळतोय ते ओट्यावर.

ओटा केवढा याचा हिशोब पहिल्यांदा गाजला तो १९५६ साली, जॉर्ज मिलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लिहिलं की माणूस एका वेळी सात, दोन इकडे दोन तिकडे, एवढ्या गोष्टी धरू शकतो. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवनने बारकाईने तपासून सांगितलं की घोकणं आणि एकत्र बांधणं वजा केलं तर खरा आकडा चारच्या आसपास आहे. म्हणजे मोठ्यांचा. लहान मुलाचा ओटा त्याहून लहान आणि तो वयाप्रमाणे हळूहळू वाढतो. आता तुम्ही म्हणाल मोबाईल नंबर तर दहा आकड्यांचा लक्षात राहतो, तर तो दहा म्हणून राहतच नाही, आपण त्याचे पाच-पाचचे नाहीतर दोन-दोनचे गठ्ठे करतो. गठ्ठा झाला की ओट्यावर एकच भांडं. प्रेसवाल्यांना हे सांगायला नको, शंभर सुट्या नोटा सांभाळणं वेगळं आणि एक गड्डी सांभाळणं वेगळं.

नोटांवरून आठवलं. बाबा पेन्शन काढून आणली की जेवणाच्या टेबलवर मोजायला बसतात आणि घरातला नियम असा की तेव्हा कोणी बोलायचं नाही. लहानपणी आम्ही मुद्दाम मागून "बाबा किती वाजले" विचारायचो, त्यांनी "सव्वासहा" म्हटलं की मोजणी गेली, मग परत पहिल्यापासून आणि वर शिव्या. आता याची गंमत अशी की अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या दोन ब्रिटिश संशोधकांनी १९७४ मध्ये वर्किंग मेमरीचं जे मॉडेल मांडलं त्यात हेच आहे. ते म्हणाले हा ओटा सलग एक नाही. एक भाग आवाजाचा, तिथे ऐकलेलं दोनेक सेकंद टिकतं आणि मनातल्या मनात पुटपुटत राहिलं तर आणखी टिकतं. दुसरा भाग चित्रांचा आणि जागेचा. आणि तिसरा या सगळ्यावर देखरेख करणारा, कशाकडे बघायचं, काय सोडायचं ठरवणारा. (२००० साली बॅडलींनी चौथा भाग पण जोडला, तो इथे सोडून देऊ.) बाबा मनात त्रेचाळीस चव्वेचाळीस पुटपुटत असतात ते आवाजाच्या भागात चालू असतं, त्यात तुम्ही 'सव्वासहा' बोलायला लावलं की तीच जागा वापरली गेली, आधीचं सांडलं. नोटा मोजताना खिडकीबाहेर बघितलं तर मोजणी सहसा जात नाही, बोललं की जाते. प्रयोगशाळेत पण अगदी हेच करतात, लक्षात ठेवताना माणसाला 'द द द द' म्हणायला लावतात आणि त्याची आठवण धडाधड पडते.

पुटपुटायला वेळ लागतो, म्हणून शब्द लांब असेल तर कमी मावतात. यावरचा एक अभ्यास मला फार आवडतो, १९८० चा, ब्रिटनमधल्या वेल्स भागातला, तिथली मुलं वेल्श आणि इंग्लिश दोन्ही बोलतात. वेल्शमध्ये अंकांची नावं उच्चारायला जास्त वेळ घेतात, आणि त्याच लोकांना वेल्शमधून कमी अंक लक्षात राहतात, इंग्लिशमधून जास्त. तोपर्यंत वेल्श मुलांच्या बुद्धीच्या चाचणीत अंकांच्या भागात मार्क कमी पडायचे आणि त्याचं खापर अर्थातच मुलांवर. आता 'अठ्ठ्याण्णव बावीस एकोणसत्तर' असा फोन नंबर सांगून बघा कुणा कॉलेजच्या पोराला, मेडिकलवाला मुलगा परवा मला म्हणाला, "मावशी, सुटे सुटे सांगा ना." मला आधी राग आला, मग वाटलं बरोबर बोलतोय तो.

ओटा लहान असलेलं मूल वर्गात कसं दिसतं? सुसान गॅदरकोल या ब्रिटिश संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांवर वर्षानुवर्षं काम केलंय. ही मुलं दंगा करत नाहीत. आई म्हणते, दप्तर जागेवर ठेव, हातपाय धू, डबा बेसिनमध्ये टाक आणि येताना पाण्याची बाटली घेऊन ये, मूल जातं आणि नुसती बाटली घेऊन येतं. फळ्यावरचं वाक्य उतरवताना मध्येच कुठे होतो ते विसरतं, एक शब्द दोनदा लिहितं, एक गाळतं. हात वर करतं आणि विचारल्यावर उत्तरच आठवत नाही. शिक्षकांना विचारलं तर ते 'याची स्मरणशक्ती कमी' असं सहसा सांगत नाहीत, सांगतात की लक्ष नाही, स्वप्नात असतो. ऐकलं होतं त्याने, धरलं पण होतं, ओट्यावरून पडलं.

आणि सगळ्या मुलांचे ओट्याचे भाग सारखे नसतात. आमच्या बिल्डिंगमध्ये एक मुलगी आहे, तिला डाऊन सिंड्रोम आहे, आता अकरा वर्षांची. तिची आई वैतागून सांगायची, एक गोष्ट चार वेळा सांगितली तरी करत नाही. डाऊन सिंड्रोमच्या मुलांवरच्या संशोधनात वारंवार असं दिसलंय की ऐकून धरून ठेवण्याचा भाग त्यांचा खूप कमकुवत असतो, त्यामानाने बघून धरण्याचा भाग बरा असतो, आणि हा फरक नुसत्या ऐकू कमी येण्यामुळे नसतो. म्हणजे तिला चार वेळा सांगणं हे गळक्या बादलीत चार वेळा पाणी ओतणं झालं. आईने बाथरूमच्या दारावर चार चित्रं चिकटवली, ब्रश, टॉवेल, फ्रॉक, कंगवा. बोलणं बंद केलं, नुसतं चित्राकडे बोट दाखवायचं. पहिला आठवडा काही झालं नाही, दुसऱ्या आठवड्यात ती एक दिवस स्वतःच जाऊन तिसऱ्या चित्रापर्यंत पोचली. कंगवा अजून राहतो, पण कंगवा माझ्या मुलाचाही राहतो.

परत आकड्यांकडे येते. मराठी मुलांचंच असं होतं का, तर नाही. जर्मनमध्ये पण सुटा आकडा आधी, बावन्नला ते 'दोन आणि पन्नास' म्हणतात, आणि ऑस्ट्रियातल्या (तिथेही भाषा जर्मनच) पहिलीच्या मुलांना आकडे घातले तेव्हा जवळपास निम्म्या चुका याच उलटापालटीच्या निघाल्या. चिनीमध्ये अकराला 'दहा-एक' म्हणतात, तर चिनी आणि अमेरिकन मुलं दहापर्यंत सारखीच मोजतात आणि दहाच्या पुढे अमेरिकन मुलं मागे पडायला लागतात कारण तिथे त्यांना इलेव्हन ट्वेल्व्ह थर्टीनची पाठांतराची गल्ली लागते. पण सगळ्यात भारी अभ्यास चेक भाषेचा. त्या एका भाषेत दोन्ही पद्धती आहेत, पन्नास-दोन पण म्हणतात आणि दोन-पन्नास पण. म्हणजे तेच मूल, तीच भाषा, त्याच शाळेतलं, फक्त नाव फिरवलं. २०११ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात दोन-पन्नास पद्धतीने सांगितलं की जास्त चुका. आमच्या सोफ्यावर झालं तेच, फक्त त्यांनी ते नीट मोजून केलं.

इथे तुम्हाला २०१९ आठवलं असणार. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसला 'वीस सात' असं वाचायची पद्धत दिली आणि केवढा गदारोळ झाला, विधानसभेपर्यंत गेलं, आडनावांवर विनोद झाले, व्हॉट्सॅपवर तर महिनाभर दुसरं काही नव्हतं. मराठी मारली, संस्कृती बुडवली. मीही त्यातले दोनचार विनोद पुढे पाठवले होते, खोटं कशाला बोलू. गणित समितीच्या प्रमुख होत्या मंगला नारळीकर, स्वतः गणितज्ञ, आता त्या नाहीत, २०२३ मध्ये गेल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं, जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमाने मुलांना आकड्यांची भीती बसते, जुनी नावं काढलेली नाहीत, दोन्ही दिलीत, आणि शेजारी कन्नडमध्ये एकवीसला इप्पत्तोंदु म्हणजे वीस-एकच म्हणतात. आता ते चेक मुलांचं वाचल्यावर वाटतं बाईंच्या बाजूने भरपूर पुरावा होता आणि आपण नुसते हसत बसलो. अर्थात माझं मत विचाराल तर बावन्न जायला नको, भाषेत ते पाहिजेच, बाजारात पाहिजे, आजोबांशी बोलायला पाहिजे. पण पहिल्या दोन वर्षांत मुलाला कळू दे की आतमध्ये पन्नास आणि दोन आहेत, मग शिकव बावन्न. आधी पूल, मग उडी.

आणि हो, एकोण. एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी. हे कळलेलं मूल साठ ऐकतं, सहा लिहितं, नऊ लिहितं, ६९. चूक आहे पण बघा किती काम केलंय त्याने, शेवटचा नऊ आला हे त्याला माहितीये, फक्त दशक एक पायरी खाली उतरवायचा राहिला. माझ्याकडे येणाऱ्या एका पोरीने एकदा अठ्ठ्याण्णवनंतर 'एकोणशंभर' म्हटलं. बाकीची मुलं हसली. एकोणनव्वद असेल तर एकोणशंभर का नाही? नियम तिने पकडला होता, भाषेनेच ऐनवेळी नव्व्याण्णव करून नियम मोडला. संस्कृतात तर ९९ ला दोन्ही नावं आहेत, नवनवति पण आणि एकोनशत पण. पोरगी संस्कृत बोलली म्हणायची.

वाचनात पण हाच प्रकार आहे, क्रमाचा. आपली लिपी शास्त्रशुद्ध, जसं लिहितो तसं वाचतो, हे आपण अभिमानाने सांगतो आणि बरंचसं खरं पण आहे, इंग्लिश स्पेलिंगच्या मानाने तर स्वर्ग. पण 'किती' हा शब्द बघा. डोळ्याला आधी वेलांटी दिसते मग क, कानाला आधी क मग इ. म्हणजे दिसण्याचा क्रम आणि ऐकण्याचा क्रम वेगळा. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचणाऱ्यांवर काम केलं तर पहिल्या वेलांटीचे शब्द वाचायला मुलांनाच नाही, मोठ्यांनाही जास्त वेळ लागतो असं दिसलं. रफार तर त्याहून वाईट, 'सूर्य' मधला र उच्चारायचा य च्या आधी आणि लिहायचा य च्या डोक्यावर. एकटा र किती वेश घेतो, सूर्य, चक्र, ट्रक, आणि पुन्हा दऱ्या मधला तो आडवा. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, फरक एवढ्या एका फराट्याचा. ब्रह्मगिरीच्या दऱ्या लिही म्हटलं की माझ्याकडची निम्मी मुलं ब्रह्मगिरीवर समुद्र आणतात.

बंगलोरच्या सोनाली नाग यांनी कन्नड मुलांच्या वाचनावर २००७ मध्ये लिहिलंय, त्यात दिसतं की इंग्लिश मुलांना सव्वीस अक्षरं शिकून हात मोकळे होतात तसं आपल्या लिप्यांचं नाही, काना मात्रा जोडाक्षरं धरून चिन्हांचा पसारा शेकड्यांत जातो आणि तो पक्का व्हायला चौथी उजाडते. तेव्हा पहिलीच्या दिवाळीत 'अजून वाचता येत नाही' म्हणून रडणाऱ्या आयांनी थोडा दम धरायला हरकत नाही.

पण काही मुलांचं दम धरूनही होत नाही, आणि तिथे डिस्लेक्सिया हा शब्द येतो. १८९६ साली इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. मुलगा चलाख, खेळात चांगला, आकडे पटापट वाचायचा, पण शब्द वाचता येत नाहीत, स्वतःचं पर्सी हे नाव तो चक्क 'प्रेसी' लिहायचा. देवनागरीत लिहिलं की कळतं, र जागा चुकला. त्याला शिकवणाऱ्या मास्तरांचं मत होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता. मॉर्गनला वाटलं शब्द बघण्यात दोष आहे, शब्दांचं आंधळेपण. पुढच्या शंभर वर्षांत कळत गेलं की बहुतेक मुलांत दोष डोळ्यात नसतो, बोललेल्या शब्दाचे आतले आवाज सुटे करण्यात असतो. घरी पण अंदाज येतो, 'सकाळ' मधला स काढला तर काय उरलं? पाचसहा वर्षांचं मूल खेळता खेळता 'काळ' म्हणतं. काही मुलं आठव्या वर्षी पण अडखळतात, ती मुलं अक्षराला आवाज चिकटवणार कशी? लोकांना मात्र अजून वाटतं की घ आणि ध ची, म आणि भ ची अदलाबदल केली की झालाच डिस्लेक्सिया. नाही हो, ती सुरुवातीला सगळीच करतात. आणि रंगीत चष्म्याने, डोळ्यांच्या व्यायामाने तो जात नाही. रोज थोडं, आवाज आणि अक्षर यांची जोडी सावकाश लावत शिकवणं, यानेच फरक पडतो, आणि तो लवकर सुरू केला तर जास्त पडतो.

तपासणीचं सांगायचं तर आधी सगळं इंग्लिशमध्ये होतं, म्हणजे मराठी शाळेतल्या पोराला इंग्लिश वाचायला देऊन ठरवायचं की याला वाचनाचा दोष आहे, आता बोला. २०१५ मध्ये मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने डाली नावाची चाचणी आणली, ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्लिशमध्ये आहे. कायद्यात १९९५ साली सातच अपंगत्वं होती, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती २१ झाली आणि त्यात शिकण्याची ही विशिष्ट अक्षमता पहिल्यांदा आली. पण सर्टिफिकेट आठव्या वर्षाच्या आसपास मिळतं, मग १४ आणि १८ ला पुन्हा तपासतात. ताईने लगेच विचारलं, याचं काढायचं का? म्हटलं अगं सात वर्षांचा आहे, फिफ्टी टू लिहितोय, धीर धर. आणि मदत करायला सर्टिफिकेट लागत नाही, परीक्षेत जादा वेळ मिळवायला लागतं.

आता बुधवारच्या बाजारातला किस्सा. गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, बुधवारी भाजी घ्यायला गेले की एक पोरगा असतो, पाचवीत आहे, शाळा सुटल्यावर आईबरोबर बसतो. मेथी पंधराला जुडी, कोथिंबीर वीसला. दोन मेथी, तीन कोथिंबीर घेतल्या, दोनशेची नोट दिली. त्याने वर बघितलं पण नाही, "नव्वद झाले," आधी दहाची नोट हातात, "हे शंभर," मग शंभरची, "अन् हे दोनशे." वजाबाकी केलीच नाही त्याने, नव्वदपासून वर चढत गेला. मी पिशवीतलं पेन काढलं, जुन्या बिलाच्या मागे उभी मांडणी केली, २०० वजा ९०, म्हटलं हे सोडव बरं. सोडवलं. २९०. शून्यातून नऊ जात नाहीत म्हणून त्याने नवातून शून्य घालवला, दोन खाली आणला. मी म्हटलं, मग मला दोनशे नव्वद देशील का परत? तो हसायला लागला, "मंग दुकान बंद करू का मावशी, येडी झाली का तुम्ही!" आणि तरीही कागदावरचं उत्तर त्याला चूक वाटलं नव्हतं.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात १९८५ साली नेमकं हेच छापून आलंय, रस्त्यावर विकणारी पाच मुलं, विक्री करताना ९८ टक्के उत्तरं बरोबर, तेच हिशोब शाब्दिक उदाहरण म्हणून दिले तर ७४ टक्के, नुसती आकडेमोड मांडून दिली तर ३७ टक्के. २०२५ मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवरचा मोठा अभ्यास आला, त्यातही बाजारातलं गणित शाळेत पोचत नाही. आणि उलटंही खरं निघालं, शाळेत मांडणी नीट करणाऱ्या मुलांना बाजारातला हिशोब तोंडी जमत नाही. दोन वेगळ्या कपाटात ठेवलंय सगळं, मधलं दार कुणी उघडून दिलेलं नाही. त्या पोराला पुढच्या बुधवारी मी परत तेच उदाहरण दिलं, पण आधी विचारलं अंदाजे किती परत येतील. "शंभरच्या वर." मग सोडव. परत २९० आले आणि यावेळी स्वतःच पेन थांबलं.

तर करायचं काय. पहिलं, नाशिकमध्ये प्रत्येक चौकात जे बोर्ड दिसतात मेमरी वाढवा, ब्रेन वाढवा, त्यावर पैसे घालायच्या आधी थांबा. वर्किंग मेमरीचे कॉम्प्युटरवरचे खेळ खेळवून ओटा मोठा होतो का यावरचे २३ अभ्यास एकत्र करून २०१३ मध्ये बघितलं, त्या खेळात मुलं तरबेज होतात, वाचन किंवा गणित सुधारत नाही. अ‍ॅबॅकसचं जरा वेगळं आहे, वडोदऱ्यात २०४ मुलांवर तीन वर्षं प्रयोग झाला, त्यातल्या अ‍ॅबॅकसवाल्या मुलांची आकडेमोड थोडी सुधारली पण स्मृती किंवा लक्ष वाढल्याचं काही दिसलं नाही. म्हणजे आकडेमोडीसाठी घाला, बाकी जाहिरातीत लिहिलेल्यासाठी नको. डोळ्यावर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे क्लास तर सरळ थोतांड. आणि 'माझा मुलगा व्हिज्युअल आहे, तुमची ऐकून शिकणारी आहे' हे पण जाऊ द्या, मुलाच्या आवडत्या पद्धतीने शिकवलं तर जास्त शिकतं याला २००८ मध्ये तपासलं तेव्हा धड पुरावा सापडला नव्हता. डाऊनच्या मुलीचं वेगळं, तिथे एक भाग खरोखर कमकुवत आहे हे मोजून दिसलंय.

ओटा वाढत नाही तर ओझं कमी करा. एका वेळी एक सूचना. हातातली गोष्ट कागदावर उतरवा. आणि पाठांतराला शिव्या देऊ नका, बाबांचं तेवढं बरोबर आहे, सात आठे छप्पन्न तोंडावर असेल तर ओट्यावर जागा मोकळी राहते. फक्त पाठ कसं करायचं ते बघा. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग आहे, एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४२. म्हणजे वही मिटून विचारणं, आज, परवा, मग रविवारी. वही उघडी ठेवून दहा वेळा वाचून घेऊ नका, त्याने आल्यासारखं वाटतं फक्त.

भाच्याचं आम्ही काय केलं तर बाबांनाच कामाला लावलं. खेळातल्या नोटा, दहाच्या पाच आणि एकाच्या दोन, "बावन्न दे." मग म्हणायचं पन्नास-दोन, मग म्हणायचं बावन्न, मग लिहायचं. बाबांनी आधी कुरकुर केली, आमच्या वेळी असलं नव्हतं वगैरे, पण नोटा हातात आल्यावर माणूस रमतो, आता तेच पोराला गड्डी कशी फिरवायची शिकवतात. परवा रात्री ताईचा फोन आला, परत काळजीत. म्हणे आता आकडे बरोबर येतात पण लिहितो विचित्र, बावन्न सांगितलं की आधी जागा सोडून दोन काढतो आणि मग त्याच्या आधीच्या जागेत पाच घुसवतो, उजवीकडून डावीकडे, बाईंनी वहीत शेरा दिलाय की नीट लिहायला शिकवा. मी म्हटलं, ताई, त्याला तो दोन धरून ठेवायचा नाहीये, ऐकला की कागदावर ठेवून मोकळा होतोय.

"मग सांगू काय बाईंना?"

"काही नको सांगू. उत्तर बरोबर येतंय ना?"

"येतंय."

"मग जागा जरा मोठी सोडायला सांग."